ओपनडब्ल्यूआरटी आणि त्यातलं एसक्यूएम: प्लॅन न वाढवता घरचं नेट सुधारलं, त्याचा रिव्ह्यू

प्लॅन वाढवायच्या आधी हे वाचा, पैसे वाचतील. आमच्या घरी ओपनडब्ल्यूआरटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर घातलेला राउटर बऱ्याच महिन्यांपासून चालू आहे, त्यात एसक्यूएम म्हणजे स्मार्ट क्यू मॅनेजमेंट म्हणून एक सोय आहे, आणि ती चालू केल्यापासून "नेट अडकतंय" हे वाक्य घरात ऐकू येत नाही. प्लॅन तोच, कंपनी तीच, वायर तीच. त्यामुळे हा रिव्ह्यू राउटरच्या डब्याचा कमी आणि आतल्या सॉफ्टवेअरचा जास्त आहे, पण डब्याबद्दलही सांगतो कारण चुकीचा घेतला तर हे सॉफ्टवेअर त्यात जातच नाही.

आधी आमच्याकडची परिस्थिती सांगतो. सांगलीत राहतो, फायबरचं कनेक्शन आहे, १०० एमबीपीएसचं, अपलोड मात्र त्याच्या चौथाई म्हणजे २५. घरात माणसं पाच आणि प्रत्येकाचं काही ना काही चालू. बायकोचे ऑफिसचे कॉल दिवसभर. धाकटा भाऊ रात्री व्हॅलोरंट खेळतो. आई गाणं शिकवते, आता तिचे निम्मे विद्यार्थी ऑनलाइन आहेत, त्यात न्यू जर्सीतली मराठी घरातली मुलंपण आहेत, त्यांचा क्लास आपल्याकडे सकाळी साडेसहाला कारण तिकडे तेव्हा आदल्या दिवशीची रात्र असते, जेवणं उरकून मुलं बसतात.

आता व्हायचं काय, तर क्लास छान सुरू व्हायचा, आई भूपाचा आरोह म्हणतेय, तिकडून पोरगी मागोमाग म्हणतेय, आणि सातच्या सुमारास आवाज तुटायला लागायचा. सा ऐकू आला, रे गायब, ग अर्धा. मग चित्र गोठणार आणि नंतर दोन-तीन सेकंदांचा अडकलेला आवाज एकदम भरभर येणार. आई विचारणार "बाळा, ऐकू येतंय ना?" आणि तिकडून मुलीची आई, "काकू, तुमचा आवाज कट होतोय." पाच-दहा मिनिटं असं चालायचं आणि मग आपोआप नीट. गाणं शिकवताना हे फार लागतं हो, बोलण्यात एखादा शब्द गेला तर अंदाजानं कळतो, पण मींड तुटली तर शिकणाऱ्यानं पकडायचं तरी काय?

कनेक्शनवाल्यांना फोन केला. मुलगा आला, चांगला होता बिचारा, भर दुपारी उन्हातनं आला, मोबाईलवर स्पीड टेस्ट लावली आणि स्क्रीन समोर धरली, "हे बघा की सर, ९६ येतंय, अजून काय पायजे?" खरंच ९६ येत होतं. मग त्यांच्या ऑफिसातनं सांगितलं की घरात डिव्हाइस जास्त आहेत, २०० चा प्लॅन घ्या. बहुतेक लोक इथं हो म्हणतात.

मी हो म्हणायच्या आधी लॅपटॉपवर कमांड लिहायची काळी खिडकी उघडली आणि १.१.१.१ या नेटवरच्या सर्व्हरला सतत पिंग लावून ठेवलं. पिंग म्हणजे एक छोटं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, जाऊन परत यायला लागलेला वेळ, मिलिसेकंदात. आकडे येत होते ११, १०, ११, १२, अगदी शांत. सातला बाबा कृष्णेच्या घाटावरनं फिरून आले, दारात चपला काढतायत तोवर त्यांचा फोन वायफायला लागला आणि फोटोंचा बॅकअप सुरू झाला, सूर्योदय, आयर्विन पूल, ग्रुपमधल्या मंडळींचा प्राणायामाचा लांबलचक व्हिडिओ. आणि खिडकीत आकडे ११ वरनं ४०, १८०, ३९०, ६२०, आणि मग सहाशेच्या आसपास ठाण मांडून बसले. आतल्या खोलीतनं आईचा आवाज, "ऐकू येतंय ना?" बॅकअप संपला आणि दोन-तीन सेकंदांत परत ११. एवढ्या सगळ्या वेळात डाउनलोड जवळपास रिकामंच होतं. म्हणजे डाउनलोड १०० चं २०० केलं असतं तरी हा सहाशेचा आकडा तसाच राहिला असता.

हा सहाशे येतो कुठून, त्याचा हिशोब सोपा आहे. फायबरच्या त्या पांढऱ्या डब्यात बाहेर जाणारी पॅकेट थांबवून ठेवायला मेमरी असते, तिला बफर म्हणतात. समजा त्यात २ एमबी माल साठला. २ एमबी म्हणजे १६ मेगाबिट. अपलोड २५ एमबीपीएस, म्हणजे एवढा साठा बाहेर पडायला ०.६४ सेकंद, ६४० मिलिसेकंद. आईच्या आवाजाचं पॅकेट कितीही छोटं असलं तरी ते या साठ्याच्या मागं उभं राहणार. आणि २ एमबी म्हणजे किती, तर आजच्या फोनचा एक फोटोसुद्धा बरेचदा याहून मोठा असतो.

या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. २०१० मध्ये जिम गेटिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं याचा छडा लावला, एक्स विंडोवर, म्हणजे लिनक्ससारख्या सिस्टिमवर स्क्रीनवरच्या खिडक्या दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम केलेला मोठा माणूस, आणि त्याच्याही घरी हेच झालं होतं, तो घरनं मोठ्या फाइली अपलोड करत होता आणि मुलं तक्रार करायला लागली की आज नेट स्लो आहे. यामागं कारण असं की फाइल पाठवणारं मशीन वेग वाढवत वाढवत जातं आणि एखादं पॅकेट हरवलं की समजतं, पुढे रस्ता भरलाय, आता हळू. हे शहाणपण नेटला व्हॅन जेकबसननं १९८८ च्या कामातनं दिलं, कारण १९८६ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीत तर ३२ केबीपीएसची, म्हणजे सेकंदाला ३२ हजार बिटची, लाइन गर्दीनं सेकंदाला फक्त ४० बिटवर आली होती, हाकेच्या अंतरावरच्या दोन इमारतींमध्ये! पण पुढं मेमरी स्वस्त झाली आणि डबे बनवणाऱ्यांनी भरपूर बफर घातले, एकही पॅकेट हरवू नये म्हणून. हेतू चांगला होता. पण पॅकेट हरवतच नाही तर पाठवणाऱ्याला गर्दी कळणार कशी? तो ढकलत राहतो, साठा वाढत राहतो, आणि लहान कामाची माणसं मागं ताटकळतात.

यावरचा पहिला मोठा इलाज २०१२ मध्ये आला, कॅथलीन निकोल्स आणि परत तोच व्हॅन जेकबसन. त्याला कोडेल म्हणतात. ते रांग किती लांब आहे हे बघतच नाही, पॅकेट रांगेत किती वेळ उभं होतं ते बघतं. ५ मिलिसेकंदांच्या वर थांबावं लागतंय आणि असं सलग १०० मिलिसेकंद चाललंय, की एक पॅकेट मुद्दाम टाकून द्यायचं, म्हणजे पाठवणाऱ्याला निरोप पोचतो. त्याच वर्षी त्याला स्वतंत्र रांगांची जोड मिळाली, एफक्यू-कोडेल, आणि ते लिनक्समध्ये आलं, ओपनडब्ल्यूआरटी याच लिनक्सवर बनलेलं आहे. नंतर जोनाथन मॉर्टन आणि मंडळींनी केक बनवलं, ते २०१८ पासून लिनक्समध्ये आहे. आमच्या एसक्यूएममध्ये आत काम करतं ते हे केक.

स्वतंत्र रांगा म्हणजे काय ते आमच्या गल्लीतल्या गिरणीवरनं सांगतो. दिवाळीच्या आधी गिरणीत एखादा भाजणीची चार पोती घेऊन उभा असतो आणि त्याच्यामागं एखादी आजी किलोभर नाचणीचा डबा घेऊन. एकच रांग असेल तर आजीचा अर्धा दिवस गेला. शहाणा गिरणीवाला काय करतो, एक पोतं झालं की आजीचा डबा घेतो, मग पुढचं पोतं. पोतीवाल्याला दोन मिनिटं जास्त लागतात, त्याला कळतही नाही, आणि आजी लगेच घरी. केक हेच करतं, सेकंदाला हजारो वेळा. कोणता डबा आजीचा हे त्याला शिकवावं लागत नाही, जो थोडंथोडं पाठवतोय तो आपोआप पुढं जातो. आवाज, गेम, वेबसाइटचा पत्ता शोधणारी विचारणा, हे सगळं थोडंथोडंच असतं.

पण एक मुद्दा नीट समजून घ्या, कारण सगळी गोम तिथं आहे. रांग तुमच्या राउटरमध्ये लागली पाहिजे, तरच तुमचा राउटर ती लावू शकेल. रांग पुढच्या डब्यात लागत असेल तर तुमच्या हातात काहीच नाही. म्हणून एसक्यूएमला आपण लाइनीच्या खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी आकडा सांगतो. मग पुढचा डबा कधी भरतच नाही आणि सगळी गर्दी आपल्या राउटरात, आपल्या नियमानं. याची किंमत म्हणजे पाच-दहा टक्के वेग सोडावा लागतो. बरेच जण इथंच बिचकतात, "पैसे १०० चे भरतो आणि ९० वापरू?" मी म्हणतो हो, वापरा. ९० मध्ये कोणाचंच काम अडत नाही, सहाशेच्या पिंगमध्ये सगळ्यांचं अडतं.

आता डबा. ओपनडब्ल्यूआरटी कोणत्याही राउटरात जात नाही. त्यांच्या साइटवर चालणाऱ्या मॉडेलची मोठी यादी आहे, ती बघितल्याशिवाय एक रुपया घालू नका, आणि मॉडेलच्या नावावर थांबू नका, व्हर्जन बघा. एकाच नावाच्या राउटरचं व्हर्जन १ आणि व्हर्जन २ यांच्यात बरेचदा चिपच वेगळी असते, एकात सॉफ्टवेअर जातं, दुसऱ्यात नाही. व्हर्जन डब्याच्या खालच्या स्टिकरवर असतं, ऑनलाइन फोटोत दिसत नाही, म्हणून मी दुकानात जाऊन स्टिकर वाचून घेतला. मीडियाटेकच्या फिलॉजिक चिपवाला वायफाय ६ राउटर मिळाला, पाच हजारांच्या आत. १०० चं कनेक्शन त्याला काहीच नाही. जुन्या चिपवाल्या राउटरांत मात्र केकला दम लागतो, कारण हे काम प्रोसेसरला प्रत्येक पॅकेट हातात घेऊन करावं लागतं, त्यामुळे ३०० किंवा ५०० चा प्लॅन असेल तर प्रोसेसरवर पैसे खर्च करा, त्या सहा-आठ अँटेनांवर नको. ओपनडब्ल्यूआरटीवाल्यांनी स्वतःचाही एक राउटर काढलाय २०२४ च्या शेवटी, ओपनडब्ल्यूआरटी वन, त्यात १ जीबी रॅम आणि फिलॉजिकचीच चिप आहे, तेव्हा केसिंगसकट ८९ डॉलरला होता. तो बाहेरनं मागवावा लागतो, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही, पण ज्याला सॉफ्टवेअर घालायची भीती वाटते त्याच्यासाठी ते आधीच घातलेलं येतं हे बरं आहे.

सॉफ्टवेअर घालणं म्हणजे बऱ्याच मॉडेलांत फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करायच्या पानावर जाऊन बरोबर फाइल द्यायची आणि पाच मिनिटं हात लावायचा नाही. लाइट जाणार नाही याची मात्र काळजी घ्या, आमच्याकडे पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही म्हणून मी राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही १२ व्होल्टच्या मिनी यूपीएसवर घेतले, ते असंही सगळ्यांनी घ्यावं. नंतर पीपीपीओईचं (कनेक्शनवाल्याच्या नेटला लॉगिन करायची पद्धत) युजरनेम-पासवर्ड टाकायचं, ते कनेक्शनवाल्यांकडनं मागून घ्या, आणि बरेच लोकल प्रोव्हायडर जुन्या राउटरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याचा ओळख-क्रमांक, बांधून ठेवतात, तो त्यांना फोन करून सोडवून घ्यावा लागतो नाहीतर नेट सुरूच होत नाही आणि तुम्ही सॉफ्टवेअरला शिव्या देत बसाल.

फायबरचा डबा आणि वायफाय एकाच डब्यात असेल तर त्यांना सांगून तो ब्रिज मोडला टाकून घ्या, म्हणजे तो नुसतं नेट पुढं देतो आणि राउटरचं काम नव्या राउटरकडे येतं. तसं करून दिलं नाही तरी चालतं, नवा राउटर त्याच्या मागं जोडा, फक्त त्या डब्याचं वायफाय बंद करा. हे महत्त्वाचं आहे, कारण एक जरी फोन जुन्या वायफायला चिकटून राहिला तर त्याचे फोटो नव्या राउटरला वळसा घालून सरळ बाहेर जाणार, पुढच्या डब्यात साठा करणार, आणि तुम्ही म्हणणार एसक्यूएम काही कामाचं नाही.

एसक्यूएम वेगळं पॅकेज म्हणून उतरवून घ्यावं लागतं, मग नेटवर्कच्या मेनूत दिसतं. आधी वायर लावून, रात्री उशिरा आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळी, असा दोन्ही वेळा वेग मोजा. आमचा ९६ आणि २४ येत होता. पानावर आकडे किलोबिटमध्ये मागतात, मी डाउनलोड ९००००, अपलोड २२००० टाकलं. इंटरफेस नेटकडे जाणारा निवडायचा, पीपीपीओई असेल तर तोच. रांगेच्या पद्धतीत केक, स्क्रिप्ट पीस ऑफ केक. लिंक लेयरच्या टॅबमध्ये इथरनेट आणि ओव्हरहेड (प्रत्येक पॅकेटवरचं वरचं ओझं, बाइटमध्ये) ४४, हा आकडा थोडा सढळ हातानं धरलेला आहे पण त्यानं नुकसान काही नाही. रांगेच्या पद्धतीच्या टॅबमधल्या ॲडव्हान्स रकान्यांत नॅटचा पर्याय लिहायचा असतो (नॅट म्हणजे घरातली सगळी डिव्हाइस बाहेर एकाच पत्त्यानं दिसतात ती सोय), तो लिहिला की केकला घरातली माणसं वेगळी दिसतात आणि प्रत्येक डिव्हाइसला सारखा वाटा मिळतो. हे मला सगळ्यात आवडलं. भावाचं गेमचं अपडेट एकाच वेळी पंधरा-वीस कनेक्शन उघडतं, आईच्या कॉलचं एकच असतं, तरी आईचा वाटा कमी होत नाही. आणि घरात दुसरं कोणी नसेल तर सगळी लाइन भावाला, काही अडवून ठेवलं जात नाही.

एक गोष्ट बंद करायची, ती म्हणजे फ्लो ऑफलोडिंग. ते चालू असेल तर पॅकेट प्रोसेसरला न विचारता बगलेतनं निघून जातात आणि केकला ती दिसतच नाहीत.

निकाल सांगतो. परत तीच काळी खिडकी, तेच १.१.१.१, बाबांच्या फोनचा बॅकअप मुद्दाम सुरू केला आणि लॅपटॉपवरनं वर एक मोठा व्हिडिओ चढवायला लावला. आकडे १३, १५, १४, १७, कधीतरी १९. सहाशेच्या जागी सतरा! वेव्हफॉर्म नावाच्या साइटवरच्या बफरब्लोट टेस्टवर आधी डी ग्रेड यायची, आता ए येते. स्पीड टेस्ट ९६ ची ८७ झाली आणि हे घरात कोणाच्या लक्षातही आलेलं नाही. फोटोंचा बॅकअप आधीएवढाच वेळ घेतो, जरासा जास्त. बाबांना सवय बदलायला सांगावी लागली नाही, "क्लास चालू असताना वायफाय बंद ठेवा" असली घरातली बंधनं गेली, याचं मला फार समाधान आहे. बायकोच्या कॉलमध्ये कोणी मोठी फाइल पाठवली तरी आवाज जात नाही. भावाचा व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे, पिंग बारा-पंधरा असायचं पण घरात कोणी काही अपलोड केलं की तीनशे-चारशे, आता ते होत नाही, तो म्हणतो गेम तोच पण गोळी लागते कुठं ते आता कळतं.

तुमच्याकडे हे दुखणं आहे की नाही हे बघायला राउटर घ्यायची गरज नाही. फास्ट डॉट कॉम उघडा, जास्त माहितीचं बटण दाबा, तिथं लेटन्सीचे, म्हणजे पिंगचेच, दोन आकडे येतात, लाइन मोकळी असताना आणि लाइन भरलेली असताना. ऊकलाची स्पीड टेस्टसुद्धा आता डाउनलोड आणि अपलोड चालू असतानाचं पिंग वेगळं दाखवते, खाली बारीक अक्षरात असतं म्हणून कोणी बघत नाही. मोकळ्याला १० आणि भरलेल्याला २० असेल तर तुमचं ठीक आहे, काही करू नका. १० चे ३०० होत असतील तर प्लॅन वाढवून जाणार नाही. मोजताना राउटरच्या जवळ बसा किंवा वायर लावा, नाहीतर वायफायचंच पिंग मोजाल.

आता जिथं याचा उपयोग नाही ते पण सांगतो, कारण काही लोक हे सगळ्यावरचं औषध म्हणून विकतात.

अंतर यानं कमी होत नाही. काचेच्या तारेतनं प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, आणि मुंबई ते न्यू जर्सी सरळ रेघेत धरलं तरी साडेबारा हजार किलोमीटर, समुद्राखालनं केबल फिरून जाते ती आणखी लांब. जाऊन यायला दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास लागणारच. बोलायला, शिकवायला ते चालतं, फोनवरच्या संभाषणाला एका बाजूनं १५० पर्यंत उशीर चालतो असं आयटीयूचं (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) जुनं मार्गदर्शन आहे, आणि आपलं एका बाजूचं शंभर त्यात बसतं, घरच्या राउटरनं वर सहाशे घातले तरच बिघडतं. पण तालात एकत्र गाणं या अंतरावर होत नाही. आई इकडे टाळी देणार आणि मुलगी तिकडे त्याच टाळीवर गाणार असं जमतच नाही, म्हणून तबल्याचं ॲप मुलीच्या बाजूला लावायचं आणि आईनं ऐकायचं, ही पद्धत आधी होती तीच आताही आहे. कोणी गेमिंग राउटर विकताना परदेशातल्या सर्व्हरचं पिंग निम्मं करतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका.

दुसरं म्हणजे प्रोव्हायडरची स्वतःची गर्दी. रात्री नऊ-दहाला सगळं गाव क्रिकेट बघत असतं, आणि कनेक्शनवाल्यानं पुढून पुरेशी लाइन घेतलेली नसेल तर तुमचे १०० तेव्हा ६० होतात. मग तुम्ही टाकलेला ९०००० चा आकडा खऱ्या वेगापेक्षा मोठा ठरतो आणि रांग परत त्यांच्याकडे जाऊन लागते. म्हणून गर्दीच्या वेळी मोजा म्हणालो. रोजचंच असेल तर गर्दीच्या वेळचा आकडा धरून त्याहून थोडं कमी टाका, आणि ते फारच खाली जात असेल तर प्रोव्हायडर बदला, राउटर बदलून उपयोग नाही. तक्रार करताना रात्रीचं पिंग आणि वेग लिहून न्या, नुसतं "स्लो आहे" म्हटलं तर परत तीच दुपारची स्पीड टेस्ट दाखवतील.

५जीवरचं घरचं वायरलेस नेट असेल तर अजून अवघड, कारण तिथं वेग मिनिटामिनिटाला बदलतो, एक ठरलेला आकडा टाकायचा तर कुठला टाकणार. त्याच्यासाठी केक-ऑटोरेट नावाची स्क्रिप्ट आहे, ती सतत पिंग मोजत राहते आणि वाढलं की वेग आपोआप खाली ओढते. हे बसवायला थोडी कमांड लाइनची सवय लागते. घरच्या साध्या फायबरवाल्यानं त्यात पडायची गरज नाही.

वायफायचा भाग वेगळाच आहे. दोन भिंतींपलीकडच्या खोलीत सिग्नल मरतुकडा असेल तर एसक्यूएम काय करणार? ओपनडब्ल्यूआरटीच्या चांगल्या ड्रायव्हरांत (वायफायची चिप चालवणारं सॉफ्टवेअर) वायफायच्या रांगेलाही अशीच शिस्त लावलेली आहे, लांबचा हळू फोन सगळा वेळ खात नाही, पण भिंत ती भिंतच. आईच्या खोलीपर्यंत मी सरळ लॅनची वायर ओढली, खिडकीच्या चौकटीतनं, आणि क्लासच्या लॅपटॉपला तीच लावली. जिथं कॉल महत्त्वाचा तिथं वायर, यावर माझं दुसरं मत नाही.

आणि ओपनडब्ल्यूआरटी सगळ्यांसाठी नाही हेही खरं. त्यांचं स्वतःचं मोबाईल ॲप नाही, पान जुनाट दिसतं, रकान्यांची नावं इंजिनिअरनी ठेवलेली आहेत. घरात एक तरी माणूस असा हवा ज्याला राउटरचं पान उघडून आकडे बदलायला हरकत नाही. तसं कोणी नसेल तर एखाद्या भाच्याला, शेजारच्या मुलाला एक संध्याकाळ बसवा, त्यानं एकदा लावून दिलं की रोज हात लावावा लागत नाही. साध्या राउटरवरच्या क्यूओएस (क्वालिटी ऑफ सर्व्हिस) नावाच्या तयार सोयीनं काम भागेल का असं बरेच जण विचारतात. नावावर जाऊ नका, बरेचदा ती फक्त एका डिव्हाइसला पुढं काढते, साठा तसाच ठेवते. ज्यात एफक्यू-कोडेल किंवा केक असं स्पष्ट लिहिलंय ते चालेल.

हे सगळं फुकट मिळतं याचं मला अजूनही नवल वाटतं. डेव्ह टाट नावाच्या माणसानं गेटिसबरोबर बफरब्लोटचं काम उभं केलं आणि पुढची कितीतरी वर्षं यासाठी लोकांच्या मागं लागून, भांडून, समजावून घालवली, एप्रिल २०२५ मध्ये तो गेला. सांगलीतल्या एका गाण्याच्या क्लासपर्यंत त्याचं काम पोचलंय. ओपनडब्ल्यूआरटीच्या साइटवर देणगी द्यायची सोय आहे, प्लॅन न वाढवून वाचलेल्यातले थोडे तिथं दिलेत, तुम्हीही जमेल तसे द्या.

शेवटची कामाची सूचना, ही लिहून राउटरला चिकटवून ठेवा. सॉफ्टवेअर अपडेट करताना वेगळं घातलेलं पॅकेज निघून जाऊ शकतं, तेव्हा अपडेटनंतर एसक्यूएम जागेवर आहे का बघा. आणि कनेक्शनवाल्यानं पुढंमागं वेग वाढवून दिला तर एसक्यूएमच्या पानावर जाऊन आकडा बदला, कारण तिथं ९०००० लिहिलंय तोवर लाइन २०० ची झाली तरी घरात ९० च येणार. आधी वायरवर मोजायचं, मग दहा टक्के कमी करून टाकायचं, अपलोडचा आकडा विसरायचा नाही.